काका, कप कुठला घेऊ?

गळाचा रॉड घरी बांधणाऱ्यांच्या या पानावर या महिन्यात मूठ, कॉर्क, दोऱ्याचा रंग यांबद्दल एकही पत्र नाही. सगळ्यांना विचारायचंय ते कपाबद्दल. गाइड म्हणजे दोरी ज्यातून धावते त्या कड्या. त्या दोऱ्याने ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या कोऱ्या काठीवर, बांधून झाल्या की वेढ्यांवर रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांचा इपॉक्सी लेप चढतो, आणि तो लेप ज्या भांड्यात कालवायचा ते भांडं. चार इंचांची क्षुल्लक वस्तू. पण मी दवाखान्यात 31 वर्षं कंपाउंडर होतो. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवून डोस दाखवायचो, त्या काळातला मी माणूस. माप आणि भांडं या विषयावर मी कधीच हसत नाही.

अलिबागहून एक वाचक लिहितात: काका, जिताड्यासाठी सात फुटी स्पिनिंग रॉड बांधला, 8 गाइडचा. वेढे छान बसले. लेप देऊन चार दिवस झाले, तरी काही जागा चिकट आहेत. एकाच गाइडचा एक पाय (दोऱ्याखाली बांधतो ती पट्टी) काचेसारखा कडक आणि दुसऱ्यावर बोटाचा ठसा उमटतो. खोकल्याच्या औषधावर येतो त्या कपाने रेझिन आणि हार्डनर बरोबर 2-2 मिली मोजलं आणि त्याच कपात ढवळलं. बाटल्याच खराब निघाल्या असतील का?

बाटल्यांना दोष देऊ नका. तुमच्या पत्रात दोन चुका आहेत आणि दोन्ही त्या कपाच्याच.

आधी माप. तो 30 मिलीचा कप घ्या आणि बुडाशी आतून पट्टी लावा. व्यास साधारण 3 सेंटिमीटर भरेल. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ 7 चौरस सेंटिमीटर, आणि द्रवाची उंची 1 मिलीमीटरने वाढली की 0.7 मिलीचा फरक. तुमचे 2 मिली म्हणजे त्या कपात 3 मिलीमीटरहूनही कमी खोलीचं डबकं! कपावरची छापील रेघच अर्धा मिलीमीटर जाड असते. त्यात रेझिन मधासारखं घट्ट, भिंतीला चढून बसतं, मधे खोलगट दिसतं. तुम्ही वरून वाकून बघितलंत की डोळा रेघेच्या पातळीला आणलात? 1 मिलीमीटरची चूक झाली असेल तर 2 मिलीत एक तृतीयांशाहून जास्त गडबड. वर दुसरा द्रव पहिल्याच्या डोक्यावर ओतून मोजायचा, म्हणजे पहिली चूक दुसरीत मिसळली. तो कप चिमुरड्याला 5 मिली सिरप पाजायला केलेला आहे. तिथे अर्धा मिली इकडचा तिकडे झाला तरी आई रागावत नाही. इपॉक्सी रागावतो.

म्हणून माझ्याकडे नियम एकच: मोजायचं सिरिंजने, कपात फक्त ढवळायचं. 5 मिलीच्या सिरिंजमध्ये 1 मिलीमीटर सरकलात तर जेमतेम 0.12 मिलीचा फरक पडतो. दोन सिरिंजा घ्या, सुया फेकून द्या, एकीवर लाल आणि दुसरीवर निळी चिकटपट्टी लावा आणि जन्मात त्यांची अदलाबदल करू नका. ओढताना दट्ट्या सावकाश ओढा, तोंड वर करून हवेचा बुडबुडा बाहेर काढा, मग मापावर आणा. आणि 3-3 मिलीच्या खाली जाऊ नका, तुमच्या 8 गाइडना निम्मंच लागलं तरी. थोडं वाया जाईल, जाऊ दे. 0.2 मिलीची चूक 3 मिलीत 7 टक्के होते, 1 मिलीत 20 टक्के.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तुम्ही राहता तिथे फायबरच्या होड्या आहेत आणि कोणीतरी तुम्हाला सांगणारच, की हार्डनर थोडं जास्त मारा, लवकर धरेल. होडीवाल्यांचं रेझिन पॉलिएस्टरचं असतं. त्यात टाकतात तो द्रव विड्यातल्या चुन्यासारखा, 1-2 टक्के, हवामान बघून थोडा कमी-जास्त. इपॉक्सीचं तसं नाही. इथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जोडीने बांधले जातात. हार्डनर जास्त झालं तर उरलेल्याला जोडीदार मिळत नाही आणि ते तसंच मऊ पडून राहतं. रॉडचे बहुतेक लेप आकारमानाने 1:1 असतात, तेच पाळायचं.

आता दुसरी चूक. माप चुकलं असतं तर सगळाच रॉड सारखा मऊ राहिला असता. तुमच्याकडे एक पाय कडक आणि एक मऊ आहे, म्हणजे द्रव नीट एकजीव झालेलाच नव्हता. कपाचं बूड आतून बघा. बऱ्याच औषधी कपांचं बूड मधे वर उचललेलं असतं आणि भोवती एक बारीक खंदक. काहींना एकात एक बसावेत म्हणून आतून पायरी असते. काडीचं टोक गोल, खंदक चौकोनी. कोपऱ्यात बसलेलं नुसतं रेझिन तुम्ही शेवटपर्यंत हलवलंच नाहीत, आणि शेवटच्या दोन-तीन गाइडना ब्रशने नेमकं तेच खरवडून लावलंत. शेवटचे गाइडच चिकट आहेत का, बघा बरं.

उपाय असा. सपाट बुडाचा, गुळगुळीत भिंतींचा, गोल कप घ्या, रुंदीपेक्षा फार उंच नको. ढवळायला चौकोनी टोकाची प्लॅस्टिकची पट्टी घ्या, कोपरा खरवडता येतो. आइस्क्रीमची लाकडी काडी चालते, पण लाकडातली हवा बुडबुडे होऊन येते, म्हणून मला ती आवडत नाही. घड्याळ लावून 3-4 मिनिटं ढवळा. फेटायचं नाही, अंडं नाही ते. खीर लागू नये म्हणून उलथनं कसं तळाला टेकवून फिरवतो, तसं. मिनिटा-दीड मिनिटाने भिंत आणि पट्टीसुद्धा पुसून आत घ्यायची. मग सगळं दुसऱ्या कोऱ्या कपात ओता, पहिल्याच्या भिंतीला चिकटलेलं तिथेच राहू द्या, त्याचा लोभ नको. दुसऱ्या कपात अजून एक मिनिट ढवळा. म्हणजे खंदकातलं पाप खंदकातच राहिलं.

तुमच्या आत्ताच्या रॉडचं म्हणाल तर तो दोन दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवा. नुसता किंचित चिकट राहिला तर वरून नीट कालवलेला पातळ हात द्या, तो खालच्याला झाकून टाकतो. बोट रुतत असेल तर मात्र त्या गाइडचा लेप आणि दोरा काढून पुन्हा बांधा. वाईट वाटेल. मी हे दोनदा केलंय.

नाशिकहून एक वाचक: लेप काचेसारखा पसरतो, पण पाच मिनिटांत जागोजागी गोल खड्डे पडतात आणि आतला दोरा उघडा दिसतो. ब्रशने भरलं तरी पुन्हा तिथेच खड्डा. चहाचे कागदी कप वापरतो, मापाला औषधांच्या दुकानातली सिरिंज.

हे खड्डे मी पहिल्यांदा बघितले ते भाच्याच्या लग्नानंतर. मांडवात आइस्क्रीमचे कागदी कप ढिगाने उरले होते. मी कंजूष माणूस, पिशवीभर घरी आणले आणि मेव्हण्यासाठी बांधत होतो त्या सुरमईच्या रॉडचा लेप त्यात कालवला. सकाळी बघतो तर दंडावरच्या देवीच्या लशीचे व्रण कसे असतात, तसे व्रण रॉडभर. मेव्हण्याने तो रॉड अजून ठेवलाय. पाहुण्यांना दाखवायला.

त्या कपांना आतून मेण होतं. ढवळताना, खरवडताना मेणाचे कण लेपात येतात. मेण, तेल, सिलिकॉन या मंडळींचा पृष्ठताण इपॉक्सीपेक्षा कमी असतो. कण पडला की इपॉक्सी त्याच्यापासून मागे सरतो आणि वर्तुळ उघडं पडतं. तुम्ही वरून कितीही भरा, कण तिथेच आहे, इपॉक्सी पुन्हा मागे सरणार.

चहाच्या कपाला आता बहुतेक ठिकाणी मेण नसतं, पॉलिथीनचा पातळ थर असतो, त्यामुळे तो तितका गुन्हेगार नाही. पण त्याला उभा सांधा असतो, बुडाला कागदाची घडी असते, आणि पट्टी घासली की कागदाचे तंतू सुटतात. लेपात अडकलेला तंतू उन्हात केसासारखा चमकतो. मी वापरत नाही.

तुमचा खरा संशयित मात्र सिरिंज आहे. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असेल तर तो दट्ट्या सहज सरकावा म्हणून नळीला आतून सिलिकॉनचं तेल फासलेलं असतं. दवाखान्यात ती सोय आहे, आपल्याकडे संकट. स्पिरिटने धुऊन ते जात नाही, उगाच खटपट करू नका. रबर नसलेली, नळी आणि दट्ट्या असे दोनच प्लॅस्टिकचे भाग असलेली सिरिंज मागा. दुकानदार म्हणेल की सगळ्या सारख्याच. दट्ट्या बाहेर ओढून स्वतः बघा. खरं सांगायचं तर काळ्या रबराच्या सिरिंजने वर्षानुवर्षं काम करणारे आणि एकही खड्डा न बघितलेले लोकही मला ठाऊक आहेत. नशीबवान आहेत. तुमच्याकडे खड्डे पडताहेत, तर तुम्ही बदला.

कोणताही नवा कप किंवा नवी सिरिंज आणली की पहिला प्रयोग रॉडवर करायचा नाही. बांबूची कामटी घ्या, तोच दोरा बोटभर गुंडाळा आणि त्या कपातला लेप तिच्यावर द्या. रात्रभरात कळतं. माझ्याकडे अशा कामट्यांची जुडी आहे, बायको त्यांना नकली चकल्यांचे सोरे म्हणते, का ते विचारू नका.

आहेत त्या खड्ड्यांसाठी: लेप पूर्ण कडक होऊ द्या, स्पिरिटने पुसा, 400 ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने वरचेवर घासा, दोऱ्याला धक्का लावू नका, पुन्हा पुसा आणि नवा हात द्या. हात धुऊन या आधी. डोक्याला तेल लावलेल्या हाताने गाइड चाचपणारे खूप आहेत.

पुण्याहून एक वाचक: मुलगी रेझिन आर्ट करते, नावाच्या पाट्या वगैरे. तिच्याकडे सिलिकॉनचे कप आहेत, वाळलेला इपॉक्सी सालीसारखा निघतो. तेच वापरू का? आणि तिचं रेझिनही चालेल का?

कपाचं उत्तर थोडं लांब आहे. चांगल्या प्रतीचा, नीट पिकवलेला सिलिकॉन कप सहसा लेप बिघडवत नाही. बरेच लोक आनंदाने वापरतात. माझ्या टेबलावर मात्र सिलिकॉन नाही. कारण वर नाशिकच्या उत्तरात आहे: खड्डा पडला की मला गुन्हेगार शोधायचा असतो, आणि संशयितांची यादी जितकी लहान तितकी रात्री झोप लवकर लागते. शिवाय मुलीच्या कपाला साचा सुटावा म्हणून मारायचा फवारा लागलेला नाही, हे ती तरी शपथेवर सांगेल का?

रेझिन नको. पाट्यांचं रेझिन पुष्कळदा 2:1 किंवा 3:1 असतं, त्याची सवय लागलेला हात आपल्या 1:1 ला तसाच मोजतो. आणि ते कडक होऊन बसण्यासाठी केलेलं असतं. रॉड वाकतो. मासा लागला की कमान होतो. लेपही त्याच्याबरोबर वाकायला हवा, नाहीतर गाइडच्या पायाशी तडा जातो. रॉडसाठीचा म्हणून विकतात तोच घ्या.

सांगलीहून एक वाचक: आमचं सराफी दुकान आहे. 0.01 ग्रॅमचा काटा हाताशी आहे. मग सिरिंजची भानगड कशाला? कप काट्यावर ठेवून दोन्ही सारख्या वजनाचे घेतो.

काटा असणं चैन आहे, पण सारखं वजन घ्याल तर फसाल. 1:1 आकारमानाने आहे. रेझिन जड, हार्डनर हलकं. तुम्हाला हे मी काय सांगणार, एकाच मापाच्या सोन्याच्या आणि चांदीच्या मण्यांचं वजन तुम्ही रोज बघता.

एकदाच हिशेब करून ठेवा. दोन्ही बाटल्यांतलं 10-10 मिली सिरिंजने मोजून वेगवेगळ्या कपांत तोला. समजा रेझिन 11.5 ग्रॅम भरलं आणि हार्डनर 9.8 ग्रॅम. मग 3 मिलीसाठी रेझिन 3.45 ग्रॅम आणि हार्डनर 2.94 ग्रॅम. तुम्ही दोन्ही 3.45 घेतली असतीत तर हार्डनर 17 टक्के जास्त पडलं असतं. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या बाटल्यांचे तुम्ही काढा. आणि बाटलीवर किंवा सोबतच्या कागदावर वजनाचं प्रमाण दिलेलं असेल तर तेच धरा. एकदा हे जमलं की तुमची पद्धत माझ्यापेक्षा सरस आहे, कारण सिरिंजच नाही म्हटल्यावर सिलिकॉनही नाही. कपही मग कुठलाही सपाट बुडाचा चालेल, रेघा नसल्या तरी. फक्त पंखा बंद करा. पातळ कप काट्यावर वाऱ्याने डुलतो.

आणि तो कप पुन्हा सोन्याच्या काट्यावर ठेवण्याआधी काट्याचं तबक झाकायला कागद घाला. वडील ओरडतील.

चंद्रपूरहून एक वाचक: मे महिन्यात रॉड बांधायला घेतला. तिसऱ्या गाइडपर्यंत पोचतो तोच कपातला लेप दाट होऊन ब्रशला तारा सुटायला लागल्या. उरलेला कप हातात धरवेना इतका तापला आणि त्याचं बूड वाकलं. स्फोट वगैरे होतो का?

स्फोट नाही. पण धूर निघू शकतो आणि कप वितळू शकतो. रेझिन-हार्डनरच्या जुळणीत उष्णता सुटते. ती कपात कोंडली की जुळणी आणखी वेगात होते, आणखी उष्णता, असं ते चक्र. बाटलीवर जी कामाची मिनिटं लिहिलेली असतात ती बहुधा 24-25 अंशांची असतात. ढोबळ हिशेब असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग दुप्पट. तुमच्या 40 अंशांच्या खोलीत ती मिनिटं तिसऱ्या हिश्श्यावर येतात.

कपाचा आकार इथे खरं काम करतो. अरुंद, खोल कपात लेप गोळा होऊन राहतो आणि तापतो. थर्माकोलचा कप तर उष्णता बाहेर जाऊच देत नाही, तो घरात असेल तर पोरांना खेळायला द्या. तुमचा कप वाकला, त्यावरून तो पारदर्शक, कडकन मोडणारा पॉलिस्टायरीनचा असावा, लग्नात सरबताला मिळतो तो. साधा इपॉक्सी त्याला विरघळवत नाही, पण 90-100 अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. आणि लेप पातळ करायला कोणी त्यात ॲसिटोन टाकलं तर कपच विरघळून लेपात येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. करणारा आमचाच एक जुना गिऱ्हाईक, नाव सांगत नाही.

तर पहाटे पाचला उठा. 3-3 मिलीच घ्या, जास्त नको. कपात ढवळून झालं की लगेच सगळं ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओता. जेवणाच्या पार्सलची उथळ ताटली असते ना, ती कोरी असेल तर उत्तम. पातळ पसरलं की उष्णता उडून जाते, कामाला वेळ मिळतो, आणि बुडबुडेही आपोआप वर येऊन फुटतात. ओतताना कप खरवडायचा नाही, तेच खंदकाचं कारण. कपाखाली बर्फाचं पाणी ठेवायची युक्ती कोणी सांगेल, ती करू नका; भिंतीवर दव धरतं आणि थेंब आत पडतो.

तापलेला कप कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. गच्चीत, फरशीवर, एकटा ठेवा. निवला की टाका.

पणजीहून एक वाचक: पावसात लेप धरतो, पण वर साबणासारखा बुळबुळीत पापुद्रा येतो. कपामुळे का?

नाही, या एका बाबतीत कप निर्दोष. दमट हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी संधान बांधतात आणि तो पापुद्रा येतो. लेप कडक झाल्यावर कोमट पाण्याने पुसून काढा, वाळवा, मगच दुसरा हात. मी श्रावण सरेपर्यंत लेप देत नाही. अगदीच नड असेल तर प्लायवुडच्या लांब पेटीत 40 वॉटचा बल्ब लावून तिच्यात रॉड फिरवत ठेवतो, लेप ओघळू नये म्हणून. फिरवायला बिघडलेल्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर आहे, मिनिटाला 5-6 फेरे, दुरुस्तीवाल्याकडे मिळते. घेताना 230 व्होल्टची आहे ना ते वाचून घ्या, कमी व्होल्टचीही येते. सुरू केली की कधी डावीकडे फिरते, कधी उजवीकडे, तिच्या मर्जीवर. त्याने लेपाला काही फरक पडत नाही. मला मात्र पहिल्या दिवशी वाटलं भूत आहे.

मालवणहून, बहुधा कॉलेजातला मुलगा: काकानू, कप धुवन परत वापरलंय तर चलात काय? आणि नेमको खयचो घेव ता एकदा सांगा. आवस म्हणता, घरात वास नको.

अरे, पॉलिप्रोपिलीनचा घे. बुडाखाली त्रिकोण असतो, त्यात 5 आकडा बघ. 6 असेल तर तो पॉलिस्टायरीन, ठेवून दे. आकडा नसेल तर काठ दाबून बघ: दबून पांढरा पडला आणि फुटला नाही तर बरा, कडकन तडा गेला तर नको. बूड सपाट, आत पायरी नको. रेघा असल्याच तर कपातच उठवलेल्या असाव्यात, छापलेल्या नकोत, स्पिरिटने शाई सुटते. श्रीखंडाचा डबा घासून वापरू नकोस, कितीही घासलास तरी तुपकटपणा राहतो, आणि तो डबा आईला लागतो.

धुवायचा नाही. ओला लेप धुवायला गेलास की स्पिरिट वाया, हात चिकट आणि तो घाण द्रव मोरीत. पॉलिप्रोपिलीनला इपॉक्सी चिकटत नाही. कप तसाच ठेव, दुसऱ्या दिवशी काठ दाबलास की आतली चकती टपकन सुटून येते. स्वच्छ सुटली तर तो कप आणखी एकदा-दोनदा वापर. ओरखडे पडले की टाक. आणि नायट्राइलचे हातमोजे घाल. हार्डनर कातडीला लागत राहिलं तर एक दिवस खाज सुरू होते, आणि मग जन्मभर नुसत्या वासाजवळ गेलास तरी हात लाल. दवाखान्यात असे हात मी पाहिलेत. आईचं ऐक, पडवीत बस.

ती चकती लगेच फेकू नकोस. लेप धरला की नाही हे रॉडला बोट लावून बघायचं नसतं, ठसा उमटतो. कपातल्या चकतीला नख लाव. चकती जाड असते, तिची उष्णता तिच्यातच राहते, म्हणून ती रॉडच्या आधी कडक होते. तेव्हा चकती कडक म्हणजे रॉड तयार, असं धरू नकोस. पण दुसऱ्या दिवशी चकतीच मऊ असेल तर रॉडची आशा सोड आणि काय चुकलं ते शोध. मी प्रत्येक चकतीच्या पाठीवर तारीख आणि रॉड कोणाचा ते लिहून बरणीत टाकतो. मेव्हण्याची चकती अजून त्या बरणीत आहे, व्रणांसकट.

आणि बाटल्यांची झाकणं अदलाबदल करू नकोस. एकदा केलीस की बाटली पुन्हा उघडत नाही.